डी४ ला काळ्याकडून काय खेळता?

प्यादेगहाण

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, जिलबी वाटली तर गोड मानून घ्या.

वय ४३, बुद्धिबळातलं फिडे रॅपिड (कमी वेळाच्या डावांचं) रेटिंग १५०० च्या आसपास लोंबकळतंय. पोराला रविवारी स्पर्धेला घेऊन जातो, तिथे पालकांच्या प्लास्टिकच्या खुर्चीत सहा तास मोबाइल बघत बसण्यापेक्षा आपणही एंट्री भरू म्हणून गेली दोन वर्षं खेळतोय. परवाच्या स्पर्धेत मला चार वेळा काळी मोहरी आली. एकाने ई४ खेळला, म्हणजे राजासमोरचं प्यादं दोन घरं, त्याला फ्रेंच डिफेन्समध्ये हरवला. बाकी तिघांनी डी४, म्हणजे वजिरासमोरचं प्यादं दोन घरं, आणि तिन्ही डाव मी हरलो. घरी येताना पोरगा म्हणाला बाबा, तुम्ही वजिरासमोरचं प्यादं बघूनच हरता.

कॉलेजात असताना एका सीनियरने किंग्स इंडियन या ओपनिंगची (सुरुवातीच्या ठरलेल्या चालींची) झेरॉक्स दिली होती, तेव्हापासून तेच खेळतोय. घोडा एफ६, जी६, उंट जी७, कॅसल (किल्लेकोट), मग बघू. आता वाटतंय बदलावं. स्लाव्ह, क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड, निम्झो, बेनोनी, डच, सगळ्याचे व्हिडिओ बघून डोकं भंजाळलंय, प्रत्येक जण आपलंच ओपनिंग सगळ्यात सोपं म्हणतो. ऑफिस आणि ट्रॅफिक वजा जाता आठवड्याला तीन तास मिळतात. त्यात बसेल असं काय आहे?

बाकावरचा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

नागपुरी_उंट

भाऊ, स्लाव्ह खेळा न बाप्पा. डी५ आन् सी६, संपला विषय. किंग्स इंडियनमदी पांढऱ्याला सगळं सेंटर देऊन टाकता, मंग ते परत घ्याले वीस चाली घालवता. स्लाव्हमदी सी८ चा उंट ई६ करायच्या आधी बाहेर निघते, एफ५ नाही त जी४. १९३५ आन् १९३७ च्या आल्येखिन-यूव्हच्या जगज्जेतेपदाच्या मॅचमदी दोघंही हेच खेळून राहिले होते, म्हणजे जुना माल आहे, टिकाऊ आहे. लंडन, म्हणजे पांढरा सी४ न करता उंट एफ४ वर काढते ते, आला तरी उंट एफ५ वर काढा, ई६ करा, झालं. एकाच ठेवणीत दोन गिऱ्हाईकं.

अवांतर: दिव्या देशमुखने २०२५ चा महिला वर्ल्ड कप बाटुमीत जिंकला तो टायब्रेकच्या दुसऱ्या रॅपिड डावात, काळ्याकडून, कोनेरू हंपीसमोर. आमच्या नागपूरच्या पोरी काळी आली म्हणून धागे काढत नाहीत. हलके घ्या.

दादरचा_जुना_वजीर

धागाकर्ते, व्हिडिओ बंद करा आणि क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड घ्या. डी५, ई६, घोडा एफ६, उंट ई७, किल्लेकोट. १९२७ साली ब्युनोस आयर्सला कापाब्लांका आणि आल्येखिन जगज्जेतेपदासाठी ३४ डाव खेळले, त्यातले ३२ याच डिक्लाइन्डचे. लोक त्याला कंटाळवाणं म्हणतात. मी म्हणतो, ज्यावर त्या दोघांनी अडीच महिने घालवले ते तुमचा रविवार नक्की निभावेल. आमच्या वेळी चाळीच्या गॅलरीत कंदिलाखाली...

काटाकिर्र

वजीरकाका, कंदील नको, मागच्या धाग्यात झालाय.

बाकी डिक्लाइन्डमधला तो सी८ चा उंट म्हणजे पेठेतल्या वाड्यातला जुना भाडेकरू. जागा अडवून बसलेला, भाडं देत नाही, बाहेर पडत नाही, आणि शेवटी बिल्डर आला की त्याच्याच सहीसाठी सगळं अडतं.

नागपुरी_उंट

काटाकिर्र, लय हासलो बे :)))

तिरका_घोडा

तीन तासात बसणारं म्हणताय तर थेट बुडापेस्ट घ्या. डी४ घोडा एफ६, सी४ ई५!, त्याने ई५ खाल्लं की घोडा जी४. पुढे त्याने प्यादं वाचवायला उंट एफ४ काढला तर घोडा सी६, घोडा एफ३, उंट बी४ शह, त्याने बीचा घोडा डी२ वर घातला की वजीर ई७. आता तो ए३ करून उंटाला हुसकावतो, तुम्ही शांतपणे जीच्या घोड्याने ई५ खायचं, आणि त्याने हावरटपणे बी४ वरचा उंट खाल्ला की घोडा डी३ मात. ई२ चं प्यादं वजिरामुळे पिन झालेलं असतं, म्हणजे हललं तर राजाला शह बसतो, म्हणून घोडा खाता येत नाही, राजाला हलायला घर नाही. मी हा सापळा ऑनलाइन अकरा वेळा लावलाय.

किंवा अल्बिन. डी५ सी४ ला ई५, खाल्लं की डी४ पुढे. पांढऱ्याने घाईत ई३ केलं तर बी४ ला शह, तो उंट मध्ये घालतो, तुम्ही ई३ खाता, आणि तो उंट खातो तेव्हा तुमचं प्यादं एफ२ खाऊन शह देतं, राजा ई२, आणि मग जी१ वर जाऊन वजीर नाही, घोडा करायचा, शहासकट! लास्करचा सापळा. हे एकदा जमलं की वर्षभर सांगत फिरता येतं.

दादरचा_जुना_वजीर

अकरा वेळा लावलात, किती वेळा लागला?

तिरका_घोडा

दोनदा :(

गोदाकाठची

मी नाशिकला लहान मुलांना शिकवते, स्वतःही खेळते. सगळे ओपनिंगं सुचवतायत पण कुणी विचारलंच नाही की त्या तीन डावांत नक्की झालं काय. डी४ म्हणजे एक गोष्ट नाही हो. १५०० च्या खाली निम्म्याहून जास्त जण सी४ खेळतच नाहीत, माझ्या वर्गातलं आणि स्पर्धांतलं बघून सांगतेय. उंट एफ४ काढून लंडन लावतात, नाहीतर उंट जी५. तुम्ही निम्झोची तीनशे पानं वाचाल आणि समोरचा दुसऱ्याच चालीला उंट काढेल, मग ती पानं भजी बांधायला.

दादा, डाव लिहिले होते का? लिहिले असतील तर इथे टाका.

प्यादेगहाण

ताई, रॅपिडला लिहायची सक्ती नसते पण मी पोराला सवय लागावी म्हणून लिहितो, त्यामुळे आहेत. थोडक्यात सांगतो.

पहिला: लंडन. माझं नेहमीचं जी६, उंट जी७, कॅसल. त्याने घोडा सी३, वजीर डी२, उंट एच६, मग एच४, एच५. मी वजिराच्या बाजूला काहीतरी विणत बसलो होतो, २१ व्या चालीला मात.

दुसरा: परत लंडन, समोर नऊ वर्षांची मुलगी, पाय जमिनीला टेकत नव्हते. तिने शांतपणे सगळं बदलून टाकलं आणि हत्तीच्या एंडिंगमध्ये मला प्याद्या-प्याद्याने मारलं. वर हात मिळवताना "थँक्यू अंकल".

तिसरा: खरा किंग्स इंडियन, मेन लाइन. मी एफ५, एफ४, जी५ करून राजावर चाललो होतो, तो सी५ करून माझ्या वजिराच्या बाजूने घुसला. मला जिंकत होतं असं नंतर इंजिनने सांगितलं. घड्याळात १८ सेकंद उरले होते आणि मी हत्ती फुकट ठेवला.

काटाकिर्र

म्हणजे तीन हारांमध्ये किंग्स इंडियनचा दोष शून्य पूर्णांक काहीतरी. आरोपी निर्दोष, हत्तीला अटक करा.

गोदाकाठची

हेच म्हणत होते. तिसऱ्या डावात ओपनिंग बदलून काही होणार नाही, तिथे घड्याळ हरलं. दुसऱ्यात एंडिंग हरलं, आणि त्या वयाची मुलं हत्तीच्या एंडिंगचा रोज रतीब घालतात, त्यामुळे त्यांच्यासमोर सगळं बदलू देणं म्हणजे त्यांच्या अंगणात खेळायला जाणं. ओपनिंगचा प्रश्न फक्त पहिल्या डावात आहे, आणि तो लंडनचा आहे.

एक विचारते, ई४ ला फ्रेंच खेळता ना? मग डी४ ला पहिली चाल ई६ का नाही करत? त्याने ई४ केलं तर तुमचा फ्रेंच, घरचंच जेवण. सी४ केलं तर डी५ करून डिक्लाइन्ड. आणि घोडा एफ६ वर नसल्याने दुसऱ्या चालीला उंट जी५ काढून सतावणारे गारद, तिथे तुमचा वजीर त्यांचा उंट खातो.

सी४ डी५, घोडा सी३ नंतर लगेच घोडा एफ६ नको, उंट ई७ करा. मग त्याला उंट जी५ चा त्रास देता येत नाही. त्याने सीने डीला खाल्लं, तुम्ही ईने परत खाल्लं, त्याने उंट एफ४ काढला, तुम्ही सी६, त्याने ई३ केलं की काटाकिर्र यांचा भाडेकरू एफ५ वर बाहेर! वाटेत वजीर सी२ करून तो ही जागा अडवू शकतो, ते तेवढं बघून ठेवा. ही ठेवण कळली की फार चाली पाठ लागत नाहीत. पांढरा बी४-बी५ करत येणार, त्याची दोन प्यादी तुमच्या तिघांवर, सी६ चं प्यादं लंगडं करायला. तुम्ही तोवर घोडा ई४ वर नेऊन राजाकडे बघायचं. एवढं वाक्य वहीत लिहून ठेवलंत तरी चालेल.

आणि लंडनला ई६, डी५ बरोबर सी५ लवकर आणि वजीर बी६, बी२ वर नजर. फक्त त्याने घोडा सी३ वर काढला असेल तर बी२ ला हात लावू नका. घोडा बी५ वर येतो, सी७ ला शह आणि हत्ती, आणि वजीर परत घरी येत नाही. हे मी वर्गात दर बॅचला सांगते आणि दर बॅचला कुणीतरी खातंच.

प्यादेगहाण

ताई _/\_ वाचनखूण साठवली.

राईनकाठचा

थोडी असहमती. मी जर्मनीत क्लब लीग खेळतो, तिथे वेळ लांब असतो आणि समोरच्याला आठवडाभर आधी अंदाज असतो कोण बसणार, तुमचे जुने डाव डेटाबेसमध्ये बघून येतात. तिथे एकच ओपनिंग घेऊन बसलात तर सोलून निघता. मी दोन ठेवतो, निम्झो आणि स्लाव्ह. तुमच्या रविवारच्या रॅपिडला मात्र पेअरिंग लागल्यावर पाच मिनिटांत बसायचं असतं, तिथे ताई म्हणतात ते पटतं. निम्झोबद्दल एक सांगतो, ते फार सुंदर आहे पण पांढऱ्याने घोडा सी३ ऐवजी एफ३ ला काढला की निम्झोच नाही, मग क्वीन्स इंडियन किंवा डिक्लाइन्ड वेगळं शिका, जी३ केलं तर कॅटलन. एकावर तीन फ्री, नको असताना.

सह्याद्रीचा_घोडा

सगळे मिळून किंग्स इंडियनची वरात काढताय म्हणून लॉगिन झालो. अहो नावातच इंडियन आहे, आपल्या मातीतलं ओपनिंग! फिशर खेळला, कास्पारोव्ह खेळला, आणि तुम्ही १५०० वर बसून म्हणता सेंटर देतं. धागाकर्त्याने तिसऱ्या डावात जिंकणारी पोझिशन मिळवली ती कशातून?

दादरचा_जुना_वजीर

कास्पारोव्हनेच क्रामनिकच्या बायोनेट हल्ल्यापुढे नव्वदीच्या शेवटी सोडला हो तो. नवव्या चालीला बी४.

सह्याद्रीचा_घोडा

काका, समोर क्रामनिक बसला तर मीही सोडीन. आमच्या तालुक्यात बसत नाही.

टाचणी

मातीतलं म्हणालात म्हणून. ‘इंडियन’ नावाची गोष्ट खरी आहे, फक्त पत्ता जरा वेगळा. कलकत्त्याला मोहेशचंद्र बॅनर्जी नावाचे खेळाडू होते, जॉन कॉक्रेन हा ब्रिटिश बॅरिस्टर त्यांच्याशी १८५० च्या दशकात भरपूर डाव खेळला. आपल्या देशी पद्धतीत प्याद्याला पहिल्या चालीलाही एकच घर, त्यामुळे जी६, डी६, उंट जी७ अशी मांडणी अंगवळणी पडलेली. तीच बॅनर्जी विलायती नियमांतही खेळायचे, आणि त्यावरून इंडियन डिफेन्स नाव रुळलं. पण १८५५ चा त्यांचा एक डाव बघाल तर घोडा एफ६, जी६ आणि मग डी५ आहे, म्हणजे आजचा ग्रुनफेल्ड. काळ्याकडून जिंकलाय. ग्रुनफेल्ड साहेबांनी तो खेळून आपलं नाव लावलं १९२२ मध्ये. तर अभिमान बाळगायचाच तर ग्रुनफेल्डचाही बाळगा.

माजघरातला_राजा

वा टाचणी, हे माहीत नव्हतं. माझे आजोबा देशीच खेळायचे, एकेक घर. मी शाळेतून शिकून येऊन पहिल्याच चालीला प्यादं दोन घरं टाकलं तर त्यांनी ते उचलून एक घर मागे ठेवलं आणि म्हणाले, धावतोस कुठे, गाडी चुकतीय का. वाड्यात दुपारी पानाचा डबा मध्ये, डाव संध्याकाळपर्यंत चालायचा, हरणारा दिवे लागले म्हणून उठायचा. कुणी ओपनिंग वगैरे नाव घेतलेलं आठवत नाही, पण आता वाचून वाटतंय आजोबा आयुष्यभर किंग्स इंडियनच खेळले.

बाकावरचा

पॉपकॉर्न संपले, आता मसाला दूध आणलंय. चालू द्या.

दादरचा_जुना_वजीर

ग्रुनफेल्डवरून आठवलं, आणि हे धागाकर्त्याच्या प्रश्नाशी संबंधित आहे, कंदील नाही. २०१० ची सोफियाची जगज्जेतेपदाची मॅच, आनंद विरुद्ध टोपालोव्ह. आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने विमानं बंद, आनंद फ्रँकफर्टहून सोफियाला गाडीने गेला, जवळजवळ चाळीस तास. मुदतवाढ मागितली, मिळाला एक दिवस. आणि पहिल्याच डावात काळ्याकडून ग्रुनफेल्ड खेळून टोपालोव्हसमोर तीस चालींत आडवा झाला. तयारी होती, चालींचा क्रम डोक्यातून निसटला.

आता तुम्हीआम्ही असतो तर? आनंदने ग्रुनफेल्ड काही डाव बाजूला ठेवला, काळ्याकडून स्लाव्हकडे गेला. शेवटच्या बाराव्या डावात, बरोबरीत असताना, काळ्याकडून काय खेळला? डिक्लाइन्ड, त्यातला लास्करचा. घोडा ई४ वर नेऊन दोन-दोन मोहरी बदलायची, श्वास घ्यायला जागा करायची, शंभर वर्षं जुनी पद्धत. आणि तो डाव जिंकून जगज्जेतेपद राखलं. टोपालोव्हला बरोबरी नको होती, तो ताणत गेला.

नागपुरी_उंट

काका, म्हणजे मधात स्लाव्हनंच वाचवलं न. २००८ ले बॉनमदी क्रामनिकलेही काळ्याकडून दोन डाव हाणले, तिसरा आन् पाचवा, ते सेमी-स्लाव्ह. सी६ जिंदाबाद.

टाचणी

आणि सेमी-स्लाव्हमध्ये सी६ बरोबर ई६ ही असतं, म्हणजे भाडेकरू आतच. तुमचा मूळ मुद्दा उंट बाहेर निघतो हा होता.

नागपुरी_उंट

टाचणी भाऊ, टोचून राहिले तुम्ही :)

तिरका_घोडा

बेनोनीचं कुणी बोललंच नाही. १९७२ च्या जगज्जेतेपदाच्या मॅचला फिशर दोन डाव मागे होता, तिसऱ्यात बेनोनी खेळला, घोडा एच५ ला नेला, सगळे चक्रावले, आणि स्पास्कीला आयुष्यात पहिल्यांदा हरवलं.

काटाकिर्र

आणि त्याआधीचा एक डाव तो खेळायलाच आला नव्हता. धागाकर्त्यानेही हा उपाय करून बघावा, काळी आली की घरी जायचं, एंट्री फीमध्ये वडापाव येतातच.

शून्य_रेटिंग_आई

मी खेळत नाही, मुलगी खेळते, म्हणून वाचतेय. त्या नऊ वर्षांच्या मुलीच्या आईच्या बाजूने एक सांगू का. अंकल लोक समोर आले की आमच्या मुली खूश असतात, कारण अंकल पहिल्या दहा चाली धडाधड खेळतात आणि मग विचार करायला लागतात. आमच्या सरांनी शिकवलंय की अंकल थांबले की समजायचं पुस्तक संपलं.

प्यादेगहाण

शून्य_रेटिंग_आई, हे काळजात घुसलं.

प्यादेगहाण (तीन आठवड्यांनी)

धागा वर आणतोय. ताईंचं ऐकून डी४ ला ई६ सुरू केलं. कालच्या स्पर्धेत तीनदा काळी आली. पहिल्याने डी४ ई६ ई४ केलं, फ्रेंच, जिंकलो, आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावरून कळलं की त्याला फ्रेंच अजिबात नको होता.

दुसऱ्याला लंडन. सी५ केलं, वजीर बी६ केलं, त्याने घोडा सी३ काढला. मला ताईंचं वाक्य शब्दशः आठवत होतं. तरी हात गेला. बी२ खाल्लं. पुढचं सांगत नाही.

तिसरा खरा डिक्लाइन्ड, एक्स्चेंज (सीने डीला खाल्लं तो), समोर १७०० चा कॉलेजचा मुलगा. भाडेकरू एफ५ वर आला! तो बी४-बी५ घेऊन आला, सी६ लंगडं झालं, मी घोडा ई४ ला रोवला, मग मला काय करावं कळेना म्हणून मी काहीच बिघडवलं नाही. ५८ चालींत ड्रॉ. डी४ समोर या सीझनचा पहिला अर्धा गुण. घड्याळात चार मिनिटं शिल्लक होती, ही माझ्यासाठी मोठी बातमी.

आणि ती किंग्स इंडियनची झेरॉक्स आता पोराने पळवलीय.

सह्याद्रीचा_घोडा

पोरगा वाया जाणार नाही.

गोदाकाठची

बी२ बद्दल काही बोलत नाही, तुमचं नाव वर्गात घेईन फक्त. तो ५८ चालींचा डाव टाका, तो बी५ वर आला तेव्हा तुम्ही सी६ वर खाऊ दिलंत की स्वतः सीने खाल्लंत ते बघायचंय.

प्यादेगहाण

खाऊ दिलं. टाकतो संध्याकाळी, वही पोराच्या दप्तरात गेलीय.